आदिंक्रा छापकाम कार्यशाळा

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात असांते लोकांची ठशांनी कापड छापण्याची कला आदिंक्रा या नावाने ओळखली जाते. ही कला विद्यार्थ्यांना स्वतःच्या हातांनी करायला लावून तिच्याद्वारे असांते समाजाची ओळख करून देण्याच्या शिक्षणपद्धतीला आदिंक्रा छापकाम कार्यशाळा म्हणता येईल. असांते राज्याची राजधानी असलेल्या कुमासी शहराच्या उत्तरेस, माम्पाँगकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले न्टोन्सो हे कारागिरांचे गाव या पद्धतीचे माहेरघर आहे. तेथे कार्यशाळा कारागिरांच्या अंगणातच भरते. घानातील शाळांचे कलावर्ग आणि अमेरिका व ब्रिटनमधील शाळा-संग्रहालये येथे तिची सुटसुटीत रूपे आढळतात. आफ्रिकेची संस्कृती म्हणून सबंध खंड एका तासात उरकण्याच्या रूढ रीतीपेक्षा एका समाजाचे एकच वस्त्र मुळापासून शिकवणारी ही पद्धत कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

आदिंक्रा हे मुख्यतः दुखवट्याचे वस्त्र आहे. लाल, काळ्या किंवा गडद तपकिरी रंगात रंगवलेल्या कापडावर काळे ठसे उमटवून ते अंत्यविधीच्या आणि त्यानंतरच्या स्मृतिविधींच्या वेळी अंगावर घेतात. पांढऱ्या वा उजळ कापडावर छापलेले आदिंक्रा मात्र आनंदाच्या प्रसंगी वापरले जाते. शेजारच्या ग्यामान राज्याचा राजा कोफी आदिंक्रा याचा असांते सैन्याने १८१८ च्या सुमारास पराभव केला आणि त्याच्याकडून ही कला असांते लोकांकडे आली, अशी परंपरागत कथा आहे. तथापि टॉमस बोडिच या इंग्रजाने १८१७ मध्ये कुमासीत मिळवलेले आदिंक्रा वस्त्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे त्या पराभवाआधीच हे वस्त्र कुमासीत प्रचारात होते. हा विरोध मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांपुढे जरूर मांडावा, कारण मौखिक परंपरेला खोटी न ठरवता तिची छाननी कशी करावी, याचा इतका नेमका धडा क्वचितच हाती लागतो.

न्टोन्सोत कामाची सुरुवात शाईपासून होते. बादिए या झाडाच्या सालीचा वरचा खरखरीत थर तासून काढतात, आतली साल भिजत घालतात आणि लाकडी उखळात कुटतात. कुटलेली साल पाण्यात तासन्‌तास उकळून चोथा गाळून टाकतात व उरलेले पाणी पुन्हा आटवत ठेवतात. तेव्हा ते तांबूस पाणी हळूहळू काळे आणि काकवीसारखे दाट होते. ठसे वाळलेल्या भोपळ्याच्या कवचावर कोरलेले असून त्यांच्या पाठीला काड्या बांधून मूठ केलेली असते. कवच बाकदार असल्यामुळे ठसा नुसता दाबून भागत नाही. तो एका कडेवर टेकवून दुसऱ्या कडेकडे कलवत न्यावा लागतो. नवख्या विद्यार्थ्याच्या ठशाचा मधला भागच तेवढा उमटतो आणि कडा कोऱ्या राहतात. लाकडी फणी शाईत बुडवून कापडावर समांतर रेघा ओढतात, त्यांनी चौकटी पडतात आणि एकेका चौकटीत एकच चिन्ह पुन्हा पुन्हा छापले जाते. चौकटी आखण्याचे हे काम अनेक शाळा गाळतात, ते गाळू नये. कापडाची मांडणी त्यावरच उभी असते.

प्रत्येक चिन्हाला नाव असते आणि पुष्कळ चिन्हांमागे म्हण असते. मान वळवून मागे पाहणारा सांकोफा पक्षी सांगतो की, विसरून राहिलेले परत जाऊन आणण्यात काही गैर नाही. दोघींत मिळून एकच पोट असलेल्या दोन मगरी घासासाठी भांडतात, हे चिन्ह एका घरातील वा राज्यातील माणसांच्या समान हिताकडे बोट दाखवते. असांते समाजाचे ब्रिटिश अभ्यासक आर. एस. रॅट्रे यांनी १९२७ च्या ग्रंथात ५३ ठशांची नोंद केली. त्यानंतर नव्या चिन्हांची भर पडत गेली आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांना स्वतःचे चिन्ह तयार करायला सांगणे परंपरेला धरूनच आहे, मात्र आधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एखादी म्हण मिळवावी आणि मग आकार शोधावा, हा क्रम पाळणे आवश्यक आहे.

या ठशांतून गणितही शिकवले जाते. एडक्याची शिंगे व इतर काही चिन्हांतील वळणे सर्पिल वक्रांची असून, रॉन एग्लॅश या संशोधकाने सहकाऱ्यांसह ती संगणकावर रेखाटण्याची साधने तयार केली व घानातील विद्यार्थ्यांबरोबर वापरून पाहिली. कारागिराच्या हातात भूमिती आहे, हे त्यामुळे मुलांना पटते.

घानाबाहेर भोपळा आणि बादिएची साल सहसा मिळत नाही, म्हणून फोम किंवा बटाट्याचे ठसे आणि बाजारातला काळा रंग वापरतात. साधन बदलल्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते चिन्हांचा छापील तक्ता वाटून ‘आवडेल ते निवडा’ असे सांगितल्यावर, कारण मग दुखवट्याच्या वस्त्रावरील खूण केवळ शोभेची नक्षी होऊन बसते. हे कापड कोण, केव्हा व कोणासाठी अंगावर घेतो, एवढे तरी छापण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. शक्य असेल तेथे हे सांगण्याचे काम घानातील कारागिराकडे सोपवावे आणि त्याला शिक्षकाचे मानधन द्यावे. यंत्रावर छापलेल्या स्वस्त आदिंक्रा कापडाशी स्पर्धा करणाऱ्या कारागिरांना या शिकवण्याच्या कामातून वेगळे उत्पन्न मिळू शकते.