जुन्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत बहिरेपणा शोधताना

हार्वर्डचे १८७३ साली सुरू झालेले ‘क्रिमसन’, कॉर्नेलचे १८८० सालचे ‘डेली सन’ अशा अमेरिकी विद्यार्थी-वृत्तपत्रांचे जुने अंक आता संगणकावर चाळता येतात. त्यांत ‘डेफ’ (बहिरा) हा इंग्रजी शब्द शोधला की उत्तरे क्षणात मिळतात. पण त्यांतील कर्णबधिर माणसांचे उल्लेख किती आणि नुसते वाक्प्रचार किती, हे ठरवण्यासाठी प्रत्येक उल्लेख पुन्हा वाचावा लागतो.

पहिली अडचण यांत्रिक आहे. पानाच्या छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी प्रणाली छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांपुढे आणि फिकट शाईपुढे चुकते. शेवटच्या ‘एफ’चा ‘एल’ वाचला गेला, तर ‘डेफ’चे ‘डील’ होते आणि तो उल्लेख शोधातून निसटतो. (अक्षर-ओळखीच्या तंत्राला मोठी चालना देणारे रे कर्झवाइल यांचे १९७६ सालचे वाचनयंत्र अंध वाचकांसाठी तयार झाले होते, हे या संदर्भात आठवण्याजोगे.)

त्यानंतर अर्थाचा प्रश्न येतो. ‘प्रॅगलजाझ’ या नावाने काम करणाऱ्या दहा अभ्यासकांनी २००७ मध्ये रूपके ओळखण्याची एक पद्धत मांडली. तिच्यानुसार शब्दाचा त्या वाक्यातील अर्थ आणि त्याचा अधिक मूलभूत, बहुधा शरीराशी जोडलेला अर्थ यांची तुलना करायची. दोन्ही वेगळे असूनही पहिला दुसऱ्याच्या आधाराने समजत असेल, तर ते रूपक मानायचे. विश्वस्तांनी मागण्यांकडे ‘बहिरा कान वळवला’, म्हणजे त्या मानल्या नाहीत, असे एखाद्या अग्रलेखात असेल, तर निर्णय सोपा आहे. ऐकणे आणि मानणे यांचे हे नाते भाषाशास्त्रज्ञ ईव्ह स्वीट्सर यांनी १९९० मध्ये इंडो-युरोपीय भाषांच्या संदर्भात उलगडून दाखवले आहे. ‘पोरगा ऐकत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे कान तपासायला कोणी नेत नाही. मात्र या रूपकातला बहिरा ऐकू येत असूनही दुर्लक्ष करतो, तर खऱ्या कर्णबधिर माणसाला जाणून घ्यायचे असूनही आवाज पोहोचत नाही. म्हणून रूपकांची संख्या कर्णबधिरांविषयीच्या मताचा पुरावा म्हणून सरळ वापरणे मला धोक्याचे वाटते.

सामन्यांच्या वृत्तांतातील ‘डेफनिंग’, म्हणजे कान बधिर करणारा, जल्लोष मात्र शब्दशः आणि रूपक या दोन खणांत नीट बसत नाही. ती अतिशयोक्ती खरीच, पण तिच्या मुळाशी शरीरविज्ञान आहे. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील केसपेशी थकतात आणि काही काळ ऐकू येण्यासाठी अधिक मोठा आवाज लागतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलसाठी ८ तासांची, तर १०० डेसिबलसाठी अवघ्या १५ मिनिटांची मर्यादा सुचवली आहे. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर २०१४ मध्ये प्रेक्षकांचा आवाज १४२.२ डेसिबल नोंदला गेला. तिथून परतलेल्या प्रेक्षकाने हाच शब्द वापरला, तर त्याला अलंकारिक म्हणावे का?

शब्दशः उल्लेखांची मोजणीही फसवी ठरू शकते. वॉशिंग्टनमधील कर्णबधिरांचे महाविद्यालय, ज्याच्या पदव्यांना १८६४ साली लिंकन यांच्या सहीने मान्यता मिळाली, ते पुढे ‘नॅशनल डेफ-म्यूट कॉलेज’ म्हणून ओळखले जाई. १८९४ मध्ये त्याचे नाव ‘गॅलोडेट कॉलेज’ झाले. त्याच्या संघाशी खेळलेल्या सामन्याची बातमी १८९० साली छापली गेली असेल, तर संस्थेच्या नावामुळेच ‘डेफ’ची नोंद होते, १९०० साली तशीच बातमी आली, तर ती शोधात येईलच असे नाही. आलेखावरची घसरण अशा वेळी समाजाच्या आस्थेत नव्हे, तर पाटीवरच्या नावात असते.

गॅलोडेटच्या विद्यार्थ्यांनी १८९२ मध्ये सुरू केलेले ‘बफ अँड ब्लू’ अभ्यासात घेतले, तर आणखी एक पेच पडतो. कान ऐकत नसणे आणि खुणांच्या भाषेभोवती उभा राहिलेला समाज यांतला फरक दाखवण्यासाठी, जेम्स वुडवर्ड यांनी १९७२ मध्ये सुचवल्याप्रमाणे, समाजाच्या अर्थी ‘डेफ’ या शब्दाचे पहिले अक्षर इंग्रजीत मोठे लिहिण्याची प्रथा पुढे रुजली. शोधाच्या सोयीसाठी बहुतेक प्रणाली लहान-मोठी अक्षरे एकसारखीच धरतात, आणि त्याबरोबर हा भेद पुसला जातो. तो राखायचा तर मूळ लेखन वेगळे जपावे लागते, शिवाय वाक्यारंभीचे व मथळ्यातले मोठे अक्षर हाताने बाजूला काढावे लागते.