‘ती तर रक्त पातळ करायची गोळी!’

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा संवाद होतो. गुडघा चोळत एखादे काका येतात. "दुखण्यावरची ती मागच्या वेळची स्ट्रिप द्या." आम्ही विचारतो, "दुसरं काही औषध चालू आहे?" "छे, काही नाही." बिल करता करता आम्ही पुन्हा खोदतो, "बीपी, शुगर, हार्ट?" तेव्हा कुठे कळतं, "अँजिओप्लास्टी झालीये, जेवणानंतर एक बारकी गोळी असते. पण ती तर रक्त पातळ करायची, तिचा दुखण्याशी काय संबंध!"

संबंध आहे, आणि जवळचा आहे. ती बारकी गोळी, म्हणजे इकोस्प्रिन ७५ किंवा १५०, ही अ‍ॅस्पिरिनच. पूर्वी घरोघर डोकेदुखीला जी अ‍ॅस्पिरिन घेत असत तीच, फक्त मात्रा कमी. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन ही दुखण्यावरची सगळी औषधं तिची भावंडं. काहींना ही अ‍ॅस्पिरिन कोलेस्टेरॉलच्या औषधाबरोबर किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या दुसऱ्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये दिलेली असते. नाव वेगळं असल्यामुळे ती ओळखूच येत नाही. स्ट्रिपच्या मागचा बारीक मजकूर वाचा, किंवा आम्हाला वाचायला द्या.

आता पोटात काय होतं ते पाहू. जठरात तीव्र आम्ल असतं, तरी जठर स्वतः जळत नाही, कारण त्याच्या आतल्या अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर असतो. हा थर टिकवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. सांधा सुजतो, ठणकतो त्यातही याच द्रव्यांचा हात असतो. या भावंडांतली वेदनाशामक गोळी ती तयार होणंच थांबवते (हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं, पुढे १९८२मध्ये त्यांना नोबेलही मिळालं). गोळीला गुडघा कुठला आणि जठर कुठलं हे कळत नाही. ठणका कमी होतो आणि अस्तरही उघडं पडतं. त्यातच अ‍ॅस्पिरिन रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना निकामी करते, त्या मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस. म्हणून दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर जखम व्हायचा धोका वाढतो, आणि झालेल्या जखमेतलं रक्त लवकर थांबत नाही.

"मी जेवूनच घेतो" असं बरेच जण सांगतात. उपाशीपोटी घेऊ नये हे खरंच, एकादशीच्या दिवशी तर मुद्दाम लक्षात ठेवावं. पण जेवणाने मळमळ, जळजळ कमी होते. अल्सर, म्हणजे जठरातली जखम, टळत नाही. कारण औषध रक्तात उतरून तिथून परत जठरावर परिणाम करतं. त्यामुळे गोळीवरचा लेपही पुरेशी राखण करत नाही आणि "गोळी नको, इंजेक्शन द्या" म्हटल्यानेही सुटका होत नाही. एटोरिकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी पोटाला सौम्य मानतात, पण सोबत अ‍ॅस्पिरिन असली की तो फायदा बराचसा जातो, शिवाय हृदयरोग्यांनी तर ती टाळायचीच असते.

आयबुप्रोफेनची गोष्ट आणखी वेगळी. कॉम्बिफ्लाममध्येही तेच असतं. प्लेटलेटवर अ‍ॅस्पिरिनला जिथे चिकटायचं असतं तीच जागा ते आधी अडवून बसतं. म्हणजे पोटाला त्रास तो त्रास, वर हृदयासाठी घेतलेली गोळी वाया.

बरेचदा चूक पेशंटची नसते. हाडांचे डॉक्टर एक फाईल पाहतात, हृदयाचे दुसरी, दाताच्या डॉक्टरांकडे तर फाईल नेतच नाही कोणी. साठी ओलांडलेली, पूर्वी अल्सर झालेला, स्टेरॉइड चालू, दारू किंवा तंबाखूची सवय, यांतलं काहीही असेल तर धोका अजून वाढतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही सांगा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली सापडली आहेत.

मग दुखलं तर करायचं काय? बहुतेकांना आधी पॅरासिटामॉल चालतं. ६५०ची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारच्या वर नाही. यकृताचा त्रास असेल किंवा दारू पीत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायला विसरू नका. गुडघ्यावर चोळायचं जेल रक्तात फार थोडं उतरतं, म्हणून ते पोटाला बरंच सुरक्षित.

दोन्ही गोळ्या घेणं भागच असेल तर डॉक्टर पँटोप्राझोलसारखी गोळी जोडून देतात. ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. पण बिल कमी करायचं झालं की आमच्याकडे पहिली तीच वगळली जाते, "गॅसची राहू द्या हो" म्हणत! तुमच्या यादीत ती गॅससाठी नाही, अस्तर वाचवायला आहे. पातळ अँटासिडचे दोन चमचे तिची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि हे पत्रक वाचून अ‍ॅस्पिरिन मनानेच बंद करू नका. स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेला असेल तर मुळीच नाही. बंद करायचं ते दुखण्याचं औषध, आणि विचारायचं हृदयाच्या डॉक्टरांना.

वयस्क माणसांत अल्सर कधी कधी जराही न दुखता रक्त सांडतो. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

आमच्याकडून एवढंच: घरातल्या सगळ्या चालू स्ट्रिपचे, पुढून आणि मागून, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि औषध घेताना दाखवा. चारच गोळ्या कापून नेल्या की नाव आमच्याकडच्या तुकड्यावर राहतं, म्हणून नाव मागा, आम्ही पाकिटावर लिहून देऊ. आणि कधी "ही गोळी तुम्हाला देत नाही, आधी डॉक्टरांना फोन करा" असं म्हणालो तर रागावू नका. फोन आमच्याच काउंटरवरून लावला तरी चालेल.