फियाना फॉल : एका शपथेवरून उभा राहिलेला पक्ष

आयर्लंडच्या राजकारणात डावे कोण आणि उजवे कोण हे शोधणारा फियाना फॉलपाशी हमखास अडतो. कारण हा पक्ष आर्थिक प्रश्नावरून जन्मलाच नाही.

डिसेंबर १९२१ च्या अँग्लो-आयरिश तहाने २६ काउंट्यांना स्वायत्त राज्य मिळाले, पण प्रतिनिधींना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेणे भाग होते. डॉलने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. पुढची यादवी तहविरोधक हरले. त्यांच्या शिन फेन पक्षाचे उमेदवार निवडून येत, पण शपथ नको म्हणून सभागृहात बसत नसत. मार्च १९२६ मध्ये पक्षाचे नेते एमन डी व्हॅलेरांनी ठराव मांडला : शपथ रद्द झाली, तर आत बसणे हा तत्त्वाचा नव्हे, धोरणाचा प्रश्न मानावा. ठराव थोडक्यात पडला. १६ मे रोजी डब्लिनच्या ला स्काला थिएटरात त्यांचा नवा पक्ष निघाला : फियाना फॉल.

शपथ मात्र तशीच होती. जुलै १९२७ मध्ये मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांचा खून झाला आणि सरकारने कायदा आणला : निवडून आल्यास शपथ घेऊन जागेवर बसण्याची हमी देईल त्यालाच उमेदवारी. ऑगस्टमध्ये डी व्हॅलेरांनी बायबल बाजूला सारून शपथेच्या वहीत सही केली आणि ही शपथ नसून पोकळ औपचारिकता आहे, असे सांगितले. तत्त्व न सोडता वाट काढायची ही हातोटी पक्षाच्या अंगी कायमची मुरली.

दरम्यान पक्षाचे संघटक शॉन लेमास आणि जेरी बोलंड गावोगाव फिरून शाखा उभारत होते. १९३२ मध्ये १५३ पैकी ७२ जागा मिळाल्या आणि मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर सत्ता आली. ती सलग १६ वर्षे टिकली. शपथ १९३३ मध्ये गेली. जमीनखरेदीच्या जुन्या कर्जांचे हप्ते लंडनला पाठवणे डी व्हॅलेरांनी थांबवले. ब्रिटनने आयरिश गुराढोरांवर जकात बसवली. मोठ्या पशुपालकांचे कंबरडे मोडले. लहान शेतकरी मात्र पक्षामागे राहिला. १९३८ मध्ये एकरकमी १ कोटी पौंडांवर वाद मिटला आणि तहानुसार ब्रिटनकडे राहिलेली तीन बंदरेही परत मिळाली.

संरक्षक जकातींच्या भिंती उभारणारे उद्योगमंत्री लेमासच. त्या भिंतींआड उद्योग वाढले, पण निर्यात फारशी नाही, आणि १९५० च्या दशकात सुमारे ४ लाख माणसे देश सोडून गेली. मग १९५९ मध्ये पंतप्रधान झालेल्या याच लेमास यांनी त्या पाडायला घेतल्या. १९६५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापाराचा करार झाला, १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले, १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात गेला. याला मध्यममार्ग म्हणा की वाऱ्याची दिशा ओळखणे. मते मात्र सगळ्या वर्गांतून येत राहिली.

१९७७ चा जाहीरनामा हा या शैलीचा कळस. घरपट्टी रद्द, बहुतेक मोटारींवरचा करही रद्द. ५०.६ टक्के मते आणि १४८ पैकी ८४ जागा मिळाल्या. पण घरपट्टी गेल्याने स्थानिक संस्था केंद्राच्या अनुदानावर लटकल्या आणि सरकारी कर्ज वाढत गेले.

आयर्लंडमध्ये मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रम देतो. या मतपद्धतीत चार जागांच्या मतदारसंघात कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मते, असतो वैध मतांचा पाचवा हिस्सा अधिक एक. तिथवर पोचायला इतरांच्या मतदारांची खालची पसंती लागते. ही पद्धत बदलण्यासाठी पक्षाने १९५९ आणि १९६८ मध्ये सार्वमत घेतले, दोन्हींत हरला. सप्टेंबर २००८ ची बँकांना दिलेली सरकारी हमी आणि २०१० चे ८५ अब्ज युरोंचे बेलआउट, म्हणजे देशाला सावरण्यासाठीचे अर्थसाहाय्य, यांनंतर पहिली पसंती घटलीच, खालचीही कोणी देईना. २०११ मध्ये १७.४ टक्के मतांवर १६६ पैकी २० जागा. डब्लिनच्या ४७ पैकी फक्त एक.

यादवीतला तहसमर्थक गट पुढे फिना गेल झाला. २०२० मध्ये हे दोन्ही पक्ष ग्रीन पक्षासह प्रथमच एकत्र सत्तेत बसले आणि पंतप्रधानपद वाटून घेतले : आधी फियाना फॉलचे मिहॉल मार्टिन, डिसेंबर २०२२ पासून फिना गेलचे लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. २०२४ मध्ये फियाना फॉल ४८ जागांसह पुन्हा सर्वांत मोठा पक्ष ठरला आणि जानेवारी २०२५ मध्ये मार्टिन पुन्हा पंतप्रधान झाले, फिना गेलच्याच साथीने.