गुलामांचा व्यापार आणि गुलामगिरी: १८०७ मध्ये नेमकं काय बंद झालं?

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामगिरी संपवली, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. त्या वर्षी बेकायदा ठरला तो गुलामांचा व्यापार, म्हणजे आफ्रिकेतून माणसं विकत घेऊन अटलांटिकपार विकणं. मळ्यांवर आधीच राबणारी माणसं आणि त्यांना होणारी मुलं मालकाचीच मालमत्ता राहिली. गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ चा. तो लागू झाला १ ऑगस्ट १८३४ रोजी.

त्या वेळचं लिव्हरपूल डोळ्यांसमोर आणलं की हा फरक कळतो. ब्रिटनचा बहुतांश गुलामव्यापार याच बंदरातून चाले. दोर वळणारे, शिडं शिवणारे, पिंपं बनवणारे, लोहार, खलाशी, अशा किती घरांच्या चुली त्यावर पेटत! शहराचे खासदार विल्यम रॉस्को यांनी बंदीच्या बाजूने मत दिलं. ते गावी परतले तेव्हा या मतामुळेही चिडलेला जमाव त्यांच्या मिरवणुकीवर चालून आला. १ मे १८०७ नंतर गुलामांसाठी नवं जहाज सोडायला मनाई झाली, तरी ‘किटीज अमेलिया’ला परवानगी त्याआधीच मिळालेली असल्याने ते २७ जुलैला राजरोस निघालं.

मग रोजच्या जगण्यात काय बदललं? आफ्रिकेला जाणारी जहाजं हळूहळू पामतेलाकडे वळली आणि त्या तेलाचा साबण होऊ लागला. पण वेस्ट इंडीजची साखर आणि अमेरिकेचा कापूस धक्क्यावर उतरतच होता. चहात साखर ढवळणाऱ्या बाईला बंदीची झळ जाणवण्याचं कारणच नव्हतं, कारण ऊस तोडणारे हात अजून गुलामांचेच होते.

१८३३ च्या कायद्याचंही फार कौतुक करवत नाही. त्यात २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. राबलेल्यांना एक छदामही नाही. उलट बहुतेक वसाहतींत सहा वर्षांवरच्या सगळ्यांना ‘उमेदवारी’च्या (म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून राबण्याच्या) नावाखाली त्याच मालकांकडे राबावं लागलं, ते थेट १८३८ पर्यंत.

शिवाय त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. गुलामावरचा मालकी हक्क इथल्या कोर्टांनी मानू नये, हा कायदा आला १८४३ मध्ये. व्यापारावरची बंदी मात्र आपल्या किनाऱ्यालाही दिसली: ब्रिटिश नौदलाने समुद्रात सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली जात, आणि त्यांतली काही नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये शिकून पुढे पूर्व आफ्रिकेत परतली.