जाड पत्र्याची अँबॅसिडर

‘जुनी अँबॅसिडर म्हणजे रणगाडा, आताच्या गाड्या पत्र्याचे डबे’ हा फॉरवर्ड चवथीला घरी जमलेल्या मंडळींत हमखास फिरतो. समज पटण्यासारखाच आहे. हलक्या टकरीत जुन्या गाडीला पोचाही येत नाही, नव्या गाडीचा बंपर मात्र फुटतो.

पण वेगातल्या टकरीचा जोर कुठेतरी जिरावाच लागतो. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा केलेला असतो. त्याने थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळतो आणि माणसाला बसणारा हिसका कमी होतो. बसायची जागा तेवढी टणक ठेवतात. जुन्या रचनेत हा विचारच नव्हता. अँबॅसिडर मुळात 1950च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली.

स्वतः बघायचंय? म्हापशा-फोंड्याच्या एखाद्या गॅरेजात जुनी गाडी दिसली तर आत बसा. मागे पट्टे आहेत का, मानेला आधार, एअरबॅग आहे का, पाहा. 1959ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009ची मालिबू समोरासमोर आदळवल्याचा व्हिडिओही मिळतो. त्यात जुन्या गाडीत चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याकडे लक्ष द्या: स्टिअरिंग थेट त्याच्या अंगावर येतं.

अँबॅसिडरची ती सोफ्यासारखी सीट मात्र मलाही अजून हवीशी वाटते.