लम्पीच्या विषाणूची वंशावळ आणि साताऱ्या-सांगलीचे गोठे

सप्टेंबर 2022 च्या सुमारास सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील गोठ्यांमध्ये गाई-बैलांच्या मानेवर, पाठीवर आणि कासेवर सुपारीएवढ्या टणक गाठी दिसू लागल्या, तेव्हा बऱ्याच पशुपालकांना या रोगाचे नावही नवे होते. ताप, पायांना आणि पोळीला (मानेखाली लोंबणाऱ्या कातडीला) सूज, डोळ्यांतून व नाकातून स्राव, खांद्यासमोरच्या लसिकाग्रंथी हाताला लागाव्यात इतक्या वाढलेल्या आणि दूध एकदम आटलेले, असे हे चित्र होते. कुणी त्याला जनावरांच्या देवी म्हटले, आणि ते नाव शास्त्राच्या दृष्टीनेही फारसे चुकीचे नव्हते, कारण लम्पीचा विषाणू मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. मात्र 2022 च्या साथीत गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र आणि कर्नाटकात हिंडणारा विषाणू 2019 मध्ये देशात प्रथम आढळलेल्या विषाणूसारखाच होता का, या प्रश्नाचे उत्तर गाठीकडे पाहून देता येत नाही. ते विषाणूची जनुकीय रचना वाचूनच मिळते, आणि ही वाचण्याची सोय पशुवैद्यकाच्या हाती आली त्याला फार वर्षे झालेली नाहीत.

त्याआधीचा काळ लक्षणांवरून रोग ओळखण्याचा होता. आपल्या भागातील जुन्या पिढीला बुळकांड्या (इंग्रजीत रिंडरपेस्ट) हा गुरांच्या रोगाचा शब्द आजही ठाऊक आहे. तोंडातील व्रण, उग्र वासाची हगवण आणि काही दिवसांत रिकामी होणारी दावण अशी त्याची ओळख. या रोगाच्या अभ्यासासाठी 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. म्हणजे देशातील पशुरोग संशोधनाचा पाया साताऱ्यापासून फार दूर घातला गेला नाही. पण भर वस्तीत असे घातक रोगजंतू हाताळणे धोक्याचे होते, म्हणून 1893 मध्ये ती संस्था कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. तिथेच पुढे 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांड्याचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत नेत नेत सौम्य केला आणि त्यापासून लस तयार झाली. 1954 मध्ये देशव्यापी निर्मूलन मोहीम सुरू झाली, 1995 मध्ये भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि 2011 मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. विषाणूच्या वंशावळीत आशियाई आणि आफ्रिकी शाखा वेगळ्या दिसत असल्या तरी एकाच लसीचे संरक्षण सर्वांविरुद्ध चालत होते, हे या यशामागचे एक मोठे कारण होय. जून 2019 मध्ये इंग्लंडमधील पिरब्राइट संस्थेने आपल्याकडील बुळकांड्याच्या विषाणूंचा साठा, त्यांची जनुकीय रचना नोंदवून ठेवून, नष्ट केला. त्यानंतर दोनच महिन्यांनी ओडिशात लम्पीची नोंद झाली. योगायोग खराच, पण विसरता न येणारा.

लम्पी जन्माने आफ्रिकेची. 1929 मध्ये आजच्या झांबियात ती प्रथम वर्णिली गेली, तेव्हा विषारी वनस्पती खाल्ल्याने किंवा कीटकांच्या चाव्याने गाठी येत असाव्यात असा समज होता. रोग संसर्गजन्य आहे हे 1940 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या साथीत पटले, आणि 1957 मध्ये तिथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतील पेशींवर वाढणारा विषाणू वेगळा केला. त्या चमूत वॉल्टर प्लॉराइट होते. पुढे बुळकांड्याची पेशींवर वाढवलेली लस तयार करून त्याच्या निर्मूलनाचा मार्ग त्यांनीच मोकळा केला. रोग दीर्घकाळ आफ्रिका खंडातच राहिला. 1988 मध्ये तो इजिप्तमध्ये आणि 1989 मध्ये इस्रायलमध्ये दिसला, 2015 मध्ये ग्रीसमार्गे युरोपात शिरला, 2019 मध्ये बांगलादेश, भारत आणि चीनमध्ये पोहोचला. 2020 मध्ये महाराष्ट्रात त्याची लागण झाली खरी, परंतु तिची झळ या दोन जिल्ह्यांना जाणवावी अशी नव्हती, आणि म्हणूनच 2022 ची साथ इथे अचानक आल्यासारखी वाटली.

या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. दुपदरी डीएनएच्या सुमारे 1,51,000 अक्षरांत (म्हणजे ओळीने जोडलेल्या रासायनिक घटकांत) 156 जनुके सामावलेली आहेत. तुलनेसाठी, लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचा आरएनए जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा असतो. त्याची नक्कल होताना चुका फार होतात, त्यामुळे त्याचे प्रकार-उपप्रकार निपजत राहतात आणि लस वेळोवेळी तपासून घ्यावी लागते. देवीच्या कुळातील विषाणू त्या मानाने स्थिर, कारण डीएनएची नक्कल बरीच काटेकोर होते. गाईची लम्पी, मेंढीची देवी आणि शेळीची देवी या तिन्ही विषाणूंची अक्षरे सुमारे 97 टक्के जुळतात. 2022 मध्ये आपल्याकडे गाईंना शेळ्यांच्या देवीची लस का टोचली, असे अनेकांनी संशयाने विचारले होते. त्याचे उत्तर या साम्यात आहे. उत्तरकाशी वाणाची (विषाणूच्या त्या नावाच्या प्रकारापासून बनवलेली) ती लस कातडीखाली एक मिलिलिटर देण्यात आली. दरम्यान, हिस्सारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांनी 2019 मध्ये रांचीत मिळालेला लम्पीचाच विषाणू पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि ऑगस्ट 2022 मध्ये लम्पी-प्रोव्हॅक-इंड ही लस जाहीर केली.

आता मूळ प्रश्न: 2022 चा विषाणू 2019 च्या विषाणूसारखाच होता का? ओडिशातील 2019 चे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हा विषाणूचे नाते केनियातील जुन्या वाणांशी जुळले. त्याच सुमारास रशियात वेगळाच प्रकार समोर आला होता. 2017 मध्ये सारातोव्ह भागात सापडलेल्या विषाणूत लसीतील आणि रानटी (निसर्गात हिंडणाऱ्या) अशा दोन्ही वाणांचे तुकडे एकत्र झालेले होते, आणि पुढील तपासात संशयाची सुई शेजारच्या कझाकस्तानात वापरल्या गेलेल्या, शुद्ध नसलेल्या लसीकडे वळली. चीन, व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये पसरलेले विषाणू याच सरमिसळीच्या जातकुळीचे निघाले. 2022 च्या साथीतील गुजरात, राजस्थान, महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील 22 नमुन्यांचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चमूने अभ्यास केला. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार देशात विषाणूचे दोन वेगळे गट एकाच वेळी हिंडत होते. एक गट 2019 च्या रांचीच्या विषाणूसारखा होता, तर दुसऱ्यात 1,800 हून अधिक ठिकाणी बदल दिसले आणि तो रशियात 2015 साली आढळलेल्या विषाणूशी मिळताजुळता होता. इतक्या स्थिर समजल्या जाणाऱ्या विषाणूत इतके बदल असणे, हे माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत दखलपात्र निरीक्षण आहे.

आपल्या भागाला या वंशावळीशी विशेष कर्तव्य असण्याचे कारण जनावरांच्या ये-जा करण्यात आहे. माणदेशातील खिल्लार बैल आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या आणि खटाव तालुक्यातील पुसेगावच्या यात्रांतून दूरदूर जातात. गाळप हंगामात ऊसतोड मजुरांच्या बैलजोड्या बाहेरच्या जिल्ह्यांतून कारखान्यांच्या तळांवर येतात. आणि चावऱ्या माश्या, डास व गोचीड विषाणू दावणीपासून दावणीपर्यंत पुढे नेतात. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य शासनाने 2009 च्या पशुरोग प्रतिबंध कायद्याखाली गुरांचे बाजार, वाहतूक आणि शर्यती बंद केल्या, त्या याच कारणाने. पण बैल कोणत्या वाटेने आला हे परवान्यावरून कळते, विषाणू कोणत्या वाटेने आला हे नमुन्यावरूनच कळते.

नमुना म्हणजे काय, तर बहुधा गाठीवरची खपली. ती निर्जंतुक चिमट्याने उचलून नळीत घालायची, नळीवर जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक लिहायचा आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेकडे पाठवायची. तिची वाट पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाते (आपल्या खटाव तालुक्यातील औंधाशी त्याचा नावापुरताच संबंध). शिरवळला नीरेकाठी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे घडणारे डॉक्टर उद्या या दोन जिल्ह्यांतल्याच गोठ्यांत उभे असतील, तेव्हा खपली कशी उचलावी हे त्यांना इंजेक्शन कसे द्यावे याइतकेच पक्के यायला हवे. वाळलेल्या खपलीत विषाणू 35 दिवसांपर्यंत जिवंत राहतो. नळीत गेलेल्या खपलीतून त्याचे कुळ वाचता येते. तीच खपली सकाळच्या झाडलोटीत शेणाबरोबर उकिरड्यावर गेली, तर गाय बरी होऊन पुन्हा दूध देऊ लागली तरी खपलीतला विषाणू तिथे महिनाभर टिकून असू शकतो.