दोन ट्रान्झिस्टर आणि एक शेपटी

ईसीजी काढताना छातीवरून मिळणारा विद्युत संकेत जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. घरातल्या वायरिंगमुळे अंगावर चढणारी ५० हर्ट्झची गुणगुण त्याहून कितीतरी मोठी असू शकते. ‘मग अॅम्प्लिफायर जास्त ताकदीचा लावा’ असं अनेकांना वाटतं. पण त्याने संकेताबरोबर गुणगुणही तितकीच वाढते! ती छातीवरच्या दोन्ही इलेक्ट्रोडवर (संकेत टिपणाऱ्या पट्ट्यांवर) जवळपास सारखी असते, हृदयाचा संकेत मात्र वेगवेगळा. म्हणून वाढवायचा तो फक्त फरक.

हे काम डिफरन्शियल अॅम्प्लिफायर करतो. दोन सारखे एनपीएन प्रकारचे ट्रान्झिस्टर घ्यायचे. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेसवरच्या व्होल्टेजने कलेक्टरकडून एमिटरकडे वाहणारा प्रवाह कमीजास्त होतो. एकेक इलेक्ट्रोड एकेका बेसला जोडायचा, दोन्ही एमिटर एकत्र जोडायचे आणि तिथून एक मोठा रेझिस्टर उणे पुरवठ्याला न्यायचा. हीच ‘शेपटी’. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३६ मध्ये निर्वात नळ्यांच्या अशा जोडीसाठी पेटंटचा अर्ज केला होता.

सगळी करामत या शेपटीची. दोन्ही बेसचं व्होल्टेज एकाच वेळी वर गेलं, तर एमिटरही त्यांच्यामागे जवळजवळ तितकाच वर जातो. बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज फारसं बदलत नाही, प्रवाह किंचितच वाढतो, आउटपुट, म्हणजे कलेक्टरवरचं व्होल्टेज, जेमतेम हलतं. आता एक बेस जरासा वर आणि दुसरा तितकाच खाली न्या. एका ट्रान्झिस्टरचा प्रवाह जेवढा वाढतो, तेवढाच दुसऱ्याचा घटतो. बेरीज तीच राहते, एमिटर जागचा हलत नाही, आणि फरकाला शेपटीचा अडथळाच होत नाही. किती सुंदर रचना आहे ही!

आकडे घालू. पुरवठा अधिक-उणे १२ व्होल्ट, बेस शून्यावर, म्हणजे एमिटर उणे ०.७ वर. शेपटी ११ किलोओहमची घेतली की तिच्यातून सुमारे १ मिलिअँपिअर वाहतो, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा. कलेक्टर आणि अधिक पुरवठा यांच्यामध्ये १२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की कलेक्टरवर ६ व्होल्ट उरतात. एमिटरचा अंतर्गत रोध २५ मिलिव्होल्ट भागिले ०.५ मिलिअँपिअर, म्हणजे ५० ओहम. एकाच कलेक्टरवरून आउटपुट घेतलं तर फरक १२००० ÷ १०० (दोन्ही एमिटरचे मिळून १०० ओहम) = १२० पट वाढतो; सामाईक गुणगुण मात्र १२००० ÷ २२००० (शेपटी दोघांत सामाईक, म्हणून प्रत्येकाला ती दुप्पट भासते), म्हणजे जेमतेम अर्धी उरते. शेपटीच्या जागी ट्रान्झिस्टरचा स्थिरप्रवाह स्रोत (व्होल्टेज बदललं तरी प्रवाह तोच ठेवणारी रचना) बसवला, तर ती आणखी कितीतरी दबते.

बोट टेकवताच काटा हलवून ‘शरीरातली ऊर्जा’ दाखवणारी यंत्रं विकली जातात. साध्या अॅम्प्लिफायरच्या इनपुटला बोट लावलं तरी काटा हलतो, कारण शरीर अँटेनासारखं वायरिंगची गुणगुण पकडतं. त्यात गूढ काही नाही.

जोडी मात्र खरोखर जुळलेली हवी. ट्रान्झिस्टर एक अंश तापला की बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं, म्हणजे हृदयाच्या संकेताच्या दुप्पट. दोन्ही एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर असतील तर ते बरोबरीने तापतात आणि ही घसरणही सामाईक ठरून शेपटीत दबून जाते.